आठची गोळी

शिरोळ तालुक्यात चंदना बिरनाळेला तोंडानं ओळखणारी माणसं फार नव्हती, पण तिचा आवाज मात्र शेंबड्या पोरांनासुद्धा पाठ होता. आता तुम्ही म्हणाल, गाणारी असेल, नाहीतर कीर्तन करणारी. छ्या! तिच्या सात पिढ्यांत कुणी गाणं म्हटलं नव्हतं. ती कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात नोकरीला. नवं औषध बाजारात यायच्या आधी माणसांवर त्याची चाचणी घेतात, त्या चाचणीतली माणसं, कागद आणि फोन सांभाळायचं तिचं काम. चाचणीत नाव घातलेल्या प्रत्येकाला रोज संध्याकाळी आठ वाजता यंत्रावरून आपोआप फोन जायचा आणि त्या फोनात चंदनाचा रेकॉर्ड केलेला आवाज बोलायचा. "मी चंदना बोलतोय. आज ताप हाय का? न्हाय तर एक दाबा, हाय तर दोन दाबा. आठची गोळी घेतली का? घेतली तर एक दाबा." एवढंच.

कंपनीनं पाठवलेला मजकूर पुस्तकी मराठीत होता. चंदनानं तो हाणून पाडला. "असलं बोललं तर आमची माणसं फोन ठेवून देतील," म्हणाली, आणि आपल्या भाषेत, जिथं बाईमाणूसही 'बोलतोय'च म्हणतं, लिहून आपणच बोलली. माणसांनी फोन ठेवला तर नाहीच, उलट त्या यंत्राशी बोलायला लागली.

भाद्रपदात एकदा ती रक्ताचे नमुने घ्यायला शिरोळच्या जैन गल्लीत गेली आणि निघायला उशीर झाला. बोळातून चालली होती, तेवढ्यात आठ वाजले. उजवीकडच्या घरातून तिचाच आवाज आला, "मी चंदना बोलतोय." डावीकडून अर्धा शब्द मागे पुन्हा तोच. मग समोरून, मग माडीवरून. दहाबारा घरांतून ती एकाच वेळी विचारत होती, ताप हाय का, ताप हाय का. एका घरात म्हातारी कौतुकानं उत्तर देत होती, "न्हाय गं बाई, उतरला बघ सकाळीच. तू जेवलीस का?" बाहेर अंधारात उभी असलेली खरी चंदना जेवली नव्हती. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, त्या आवाजाला विचारलं होतं. ती पदर डोक्यावरून घेऊन भराभरा स्टँडकडे निघाली, चोरी केल्यासारखी.

चंदना मूळची हळवी. वय एकोणचाळीस, लग्न केलं नाही, घरात म्हातारी आई. घर जैन, आईचं सगळं काटेकोर. सकाळी देवदर्शन झाल्याशिवाय चहा नाही, आणि दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा नाही. चंदना तेवढी कडक नव्हती, पण संध्याकाळचं दिवसाउजेडी जेवायची सवय तिच्याही हाडात मुरलेली. तिचा धाकटा भाऊ अभिनंदन कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. एकतिसाव्या वर्षी. नऊ दिवस ही बाई एका इंजेक्शनसाठी सांगली, मिरज, बेळगाव पालथं घालत होती. दहाव्या दिवशी इंजेक्शन मिळालं, आणि पोरगा आदल्या रात्रीच गेलेला. ती कुपी तिनं किती दिवस फ्रीजमध्ये तशीच ठेवली होती. आई रोज फ्रीजमधून दूध काढताना त्या कुपीकडे बघायची.

म्हणून हे औषध आलं तेव्हा चंदना वेड्यासारखी त्याच्या मागे लागली. दवाखान्याचे डॉक्टर गुरुप्रसाद सरनाईक यांनी तिला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. तोंडाचा फटकळ माणूस, पण शिकवायला लागला की गोडी लागायची.

"हे बघ, आजवर काय करतो आपण? नवा विषाणू येतो, माणसं मरतात, मग त्याचं नाव काढतो, मग त्याच्यापुरतं औषध शोधतो. तोवर साथ संपलेली असते. वरातीमागून घोडं! ही गोळी विषाणूला हातच लावत नाही. चोर कुठल्याही गावचा असू दे, ऊस चोरला की गाळायला त्याला आपलंच गुऱ्हाळ लागतं की नाही? विषाणूचं तसंच आहे. आपल्या पेशीतली यंत्रं वापरूनच तो वाढतो. ही गोळी पाच दिवस ते गुऱ्हाळ मंद ठेवते. चोराचं नाव माहीत नसलं तरी चालतं."

"मग आपलं काय? गुऱ्हाळ तर आपलं," चंदना म्हणाली.

डॉक्टर हसले. "शहाणी आहेस. म्हणूनच एक गोळी सकाळी, एक रात्री, मध्ये बारा तास. मंद ठेवायचं, विझवायचं नाही. विझलं तर पहिल्यांदा लिव्हर बोंबलतं."

"एवढं चांगलं औषध आजपर्यंत कुणी काढलं कसं नाही?"

"कोण काढणार? बीपीची गोळी माणूस मरेपर्यंत खातो, त्यात पैसा आहे. ही खायची पाच दिवस, तीही साथ आली तर. साथ आली की सगळ्यांना आज पाहिजे, काल पाहिजे. साथ गेली की गोदामात पडून पडून मुदत संपते. घेणारं एकटं सरकार, आणि पूर ओसरला की सरकारला होडी आठवत नाही. त्यात साथ नसताना चाचणीला आजारी माणूस मिळत नाही आणि साथ असताना चाचणीला वेळ मिळत नाही. या कंपनीनं कसेबसे पैसे उभे केलेत. ही चाचणी बुडाली तर पुन्हा दहा वर्षं कुणी या वाटेला जाणार नाही."

चंदनानं ते मनावर घेतलं. तिच्या लेखी ही नोकरी उरलीच नाही, व्रत झालं. पुढच्या वेळी कुणाच्या भावाला ताप आला, तर त्या तापाचं नाव कळायच्या आधी औषध कपाटात तयार पाहिजे, बस्स.

फोनवरचा मजकूर घरी घोकत होती तेव्हा आई शेंगा निवडत बसली होती. तिनं मान वर केली. "आठला? चातुर्मासात आठला गोळी कोण घेणार गं?"

"आजाऱ्याला सूट असते, आई," चंदना म्हणाली आणि पुढचं वाक्य घोकायला लागली. आईनंही मान खाली घातली. विषय तिथंच मिटला. खरं सांगायचं तर तिथं मिटायला नको होता, पण आपल्या घरातलं माणूस बोललं की ते आपल्याला ऐकूच येत नाही, ही खोड सगळ्यांचीच.

श्रावणात कृष्णेचं पाणी ओसरलं आणि तालुक्यात तापसरी सुरू झाली. कुठला डेंगी, कुठला चिकुनगुनिया, कुठल्याला नावच नाही. तालुक्यातून दोनशे बारा माणसं चाचणीत आली. निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कुणाला कुठली ते ना डॉक्टरांना ठाऊक, ना चंदनाला. म्हातारीकोतारी संमतीपत्रावर सही करताना कागदाकडे बघायचीच नाहीत, तिच्या तोंडाकडे बघायची. "तू आपल्यातली हायस नव्हं, मग झालं."

पार्श्वनाथ आप्पा चौगुले असेच. एकाहत्तर वर्षांचे, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, रोज पहिला अभिषेक त्यांचा, बोलणं तोफेसारखं. सही करून म्हणाले, "पोरी, औषध देऊन मारणार न्हाईस न्हवं आमाला?" आणि स्वतःच खो खो हसले. त्यांची बायको बयाबाई आतून ओरडली, "काय बी बोलायचं म्हंजे!"

आप्पांचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. नवव्या दिवशी डोळे पिवळे झाले. चंदनानं त्यांना कोल्हापुरात आणून भरती केलं, डॉक्टरांनी हातचं काही राखलं नाही, पण एकोणिसाव्या दिवशी आप्पा गेले. त्याच पंधरवड्यात आणखी दोघांना कावीळ झाली. ते वाचले. कुणाला कुठली गोळी ते लिहिलेली बंद पाकिटं फोडून बघितली तर तिघांचीही गोळी खरी. ही चाचणी चाललेल्या बाकीच्या चार शहरांत शेकडो माणसांनी हेच औषध घेतलं होतं आणि एकाच्याही लिव्हरला काही झालेलं नव्हतं. तिघंही एकट्या शिरोळमधले, आणि तिघंही जैन गल्लीतले.

मग काय! गल्लीत नको नको ते उठलं. रोज आठला तो बाईचा आवाज येतो, तो ज्याला दोनदा नावानं हाक मारतो तो पिवळा पडतो. यंत्र कुणाचं नाव घेतच नव्हतं, पण भीतीला कुठं पुरावा लागतो! माणसं आठच्या सुमाराला फोन उशीखाली घालायला लागली. उशीखालून तो बोलतच राहायचा.

चाचणी थांबली. नव्या माणसाला गोळी द्यायची नाही, असा वरून हुकूम आला. फोन मात्र चालू राहिले, कारण नव्वद दिवस प्रत्येकाची चौकशी करायची असा नियम. गोळीचा प्रश्न पाचव्या दिवशीच गळायचा, पुढं नुसता तापाचा. चंदना रोज सकाळी दवाखान्यात आली की संगणकावर आदल्या दिवशीची उत्तरं बघायची. आणि आप्पांना जाऊन आठ दिवस झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आप्पांच्या नंबराचं उत्तर येतंय.

रोज. आठ वाजून एक मिनिटानं. एक. ताप नाही.

तिनं मागं जाऊन बघितलं. भरती असतानाच्या दिवसांत उत्तरं नव्हती. गेले त्या दिवशी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू, एकही दिवस चुकलेला नाही. मेलेला माणूस रोज संध्याकाळी कळवत होता, मला ताप नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. नंबर एका बटणावर यादीतून काढता आला असता, पण तो काढायलाही तिचा हात होईना. उलट सकाळी येऊन पहिल्यांदा तोच बघायची आणि एक दिसला की तिला, विश्वास बसणार नाही तुमचा, बरं वाटायचं. पण त्याच बऱ्या वाटण्याची मग दिवसभर शिसारी यायची. घरात कोण असेल, बायको असेल, नातवंड असेल, हे काय तिला कळत नव्हतं? कळत होतं. पण पडद्यावर नाव आप्पांचं होतं, आणि नावापुढे उत्तर होतं.

कार्तिकातल्या एका सकाळी आप्पांच्या नावापुढे दोन आला. ताप आहे.

चंदना खुर्चीतून उठली ती पर्स घेऊन थेट स्टँडवर. डॉक्टरांना सांगायचंही भान राहिलं नाही. जयसिंगपूरला बस बदलून शिरोळला पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चौगुल्यांचं दार नुसतं लोटलेलं.

बयाबाई आतल्या खोलीत घोंगडी पांघरून पडल्या होत्या. चंदनाला बघून उठून बसल्या. "आलीस? म्या म्हटलं, कोण येतंय का बघू तरी."

"अज्जी, आप्पांचा फोन तुम्ही उचलता?"

"मीच उचलतो की. दुसरं कोण हाय? पोरगं पुण्यात, सून पुण्यात. काल अंग तापलं हुतं, म्हणून दोन दाबलं." म्हातारीनं कपाळावरचे केस मागं सारले. "रोज एक दाबून दाबून कटाळा आला गं. कुणी इचारतंय का म्हातारीला, ताप हाय का, न्हाय का? तू तेवढी इचारतीस. पर तीबी त्येंच्यासाठी."

चंदनाला रडू फुटलं. तिनं हात लावून बघितलं. अंग आता गार होतं, साधाच ताप असावा. तिनं चूल, म्हणजे गॅस, पेटवून भाताची पेज केली. पेज पिता पिता बयाबाई आप्पांचं बोलत राहिल्या. आजारात कसे चिडचिड करायचे, कुणाचं ऐकायचे नाहीत, पण चंदनाच्या आवाजाचं कसं ऐकायचे.

"आठला तुझा फोन आला रं आला की मला हाळी मारायचे. बये, झाकण उघड. मग मी गोळी काढून त्या वाटीत ठेवायची." देवळीतल्या पितळी वाटीकडे त्यांनी बोट दाखवलं. "तवर त्ये एक दाबायचे. घेतली म्हणून."

"वाटीत?" चंदना म्हणाली.

"मग काय तोंडात? दिवस मावळल्यावर? पन्नास वर्सांचा नेम त्येंचा. मरंन, पर मोडणार न्हाय म्हणायचे. आन न्हाय घेतली म्हणून दाबलं तर पोरीला सायब लोक बोलतील, उगंच कशाला? सकाळी बस्तीतनं आले की वाटीतली आन सकाळची, दोन्ही संगट द्यायची मी. माझ्या हातानं. हिशेबाला गोळी चुकली न्हाय बघ एकबी."

बाहेर कुठंतरी कडबा कापायचं यंत्र चालू होतं, ते थांबलं. बारा तासांचं अंतर. मंद ठेवायचं, विझवायचं नाही. शेंगा निवडणाऱ्या आईची वर झालेली मान तिला लख्ख दिसली. गल्लीतल्या अज्जी-आप्पांनी असंच केलं असणार, सगळ्यांनीच, आणि ज्यांची गोळी पिठाची ते सुटले. ज्यांची खरी, त्यातली बहुतेक धडधाकट म्हणून निभावली, तिघं नाही निभावली. आणि यातलं काही कागदावर नव्हतं, कारण सगळ्यांनी एक दाबलं होतं, तिची नोकरी राहावी म्हणून. कंपनीच्या पुस्तकी आवाजाला त्यांनी बेधडक 'नाही' सांगितलं असतं. आपल्यातल्या पोरीला कसं सांगणार?

"काय झालं गं? तोंड का असं केलंस?" बयाबाईंनी विचारलं.

"काही नाही अज्जी. उन्हातनं आले ना," ती म्हणाली.

कावीळ होऊन वाचलेल्या दोघांच्या घरी ती त्याच दुपारी गेली. तिथंही तीच कथा, नुसती वाटीच्या जागी काडेपेटी.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं, आईच्या वाक्यासकट. आपली चूक झाकली नाही. डॉक्टरांनी आप्पांची फाईल काढून पुन्हा चाळली. मग म्हणाले, "चूक तुझी एकटीची नाही. मी इथं तीस वर्षं धंदा करतोय, मलाही सुचलं नाही. पण म्हणजे औषध वाईट नाही गं चंदना! औषध वाईट नाही!" आणि त्यांनी लगेच कंपनीला फोन लावला.

कंपनीच्या इरावती मॅडम पुण्यातून पडद्यावर आल्या. हुशार बाई, गोड बोलणारी. सगळं ऐकून घेतलं, दोन-चार नेमके प्रश्न विचारले. शेवटी म्हणाल्या, "खरं सांगते, इथं सगळ्यांनी हात धुऊन टाकले होते. साथ ओसरली, पैसे लावणारे काढता पाय घ्यायला कारणच शोधत होते आणि तुमच्या तीन काविळींनी ते दिलं. पण तुम्ही म्हणता ते सिद्ध झालं तर संध्याकाळची गोळी सहाला देऊन, छोटी चाचणी पुन्हा करता येईल. औषध वाचेल. फक्त तुमच्या शब्दावर बोर्ड ऐकणार नाही. तिन्ही घरांतून लेखी जबाब हवा. आणि मृत्यू ज्या घरात झाला, त्या घरातला तर हवाच. गोळ्या स्वतःच्या हातानं ज्यांनी दिल्या, त्यांचाच. पंधरा तारखेच्या आत. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

दोघांनी सह्या लगेच दिल्या. वाचलेली माणसं, त्यांना काय! राहिली एक सही.

चौदा तारखेला चंदना जबाबाचा कागद घेऊन शिरोळला गेली. साधा अर्धा पानभर मजकूर होता. मी, बयाबाई पार्श्वनाथ चौगुले, माझ्या पतीस संध्याकाळची व सकाळची अशा दोन गोळ्या रोज सकाळी एकत्र देत होते. सत्य आहे. खाली सहीची रेघ. वाटेत बसमध्ये तिनं तो चारदा वाचला. प्रत्येक वेळी 'देत होते' या शब्दांवर तिची नजर अडकायची.

बयाबाई बऱ्या झाल्या होत्या. त्यांनी तिला जेवायला वाढलं, दिवस मावळायच्या आत जेवून घे म्हणाल्या. बोलण्यात वेळ गेला. कागद पर्समध्येच. उजेड जाऊन खोलीत अंधार साचायला लागला तरी म्हातारीनं दिवा लावला नाही, आणि चंदनाच्यानं विषय काढवेना. अभिनंदन तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. ती कुपी दिसत होती. एक सही, चंदे. एका म्हातारीची एक सही, आणि पुढच्या साथीत कुणाचा तरी भाऊ वाचेल. काढ की कागद!

आठ वाजले. देवळीतला आप्पांचा फोन थरथरायला लागला. बयाबाईंनी तो हातात घेतला, आणि त्या अंधाऱ्या खोलीत चंदनाच्या समोरच चंदना बोलायला लागली. "मी चंदना बोलतोय. आज ताप हाय का?"

म्हातारीनं सवयीनं एक दाबलं. फोन मांडीवर पालथा ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "हे एक दाबायचं मी का सोडत न्हाय, सांगू तुला? लोक म्हणत्यात म्हातारी चळली. चळलो न्हाय मी. त्यो एक दाबला की रातभर वाटतं, त्येंला ताप न्हाय, कायबी झालं न्हाय. म्हंजे माझ्या हातनं कायबी झालं न्हाय."

चंदनानं पर्सवरचा हात काढून घेतला.

"परवा तू तोंड असं केलंस, तवापासनं झोप न्हाय मला," बयाबाई म्हणाल्या. "दोन्ही गोळ्या संगट म्हटलं आन तुझं तोंड उतरलं. मी काय आंधळी हाय? एकोणपन्नास वर्सं त्या माणसाच्या तोंडात मी घास घातला, गं. खरं सांग. त्येंच्या बस्तीची आण हाय तुला. दोन संगट दिल्या, त्येनं झालं? का औषधच वाईट हुतं?"

आता काय सांगायचं! बाहेर गल्लीत कुठल्यातरी घरातून तिचा आवाज अजून विचारत होता. चंदनानं डोळे मिटले आणि एका दमात, स्वच्छ, सावकाश बोलली.

"नाही अज्जी. दोन एकत्र दिल्यानं काही होत नसतं. औषधच वाईट होतं."

"नक्की?"

"नक्की. मी सांगते ना."

बयाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. मग हंबरून रडल्या, आप्पा गेले त्या दिवशी रडल्या नव्हत्या तशा. रडणं ओसरल्यावर उठून दिवा लावला, तोंड धुतलं आणि दारात जाऊन शेजारणीला मोठ्यानं हाळी दिली. "अगं ऐकलंस का? चंदना सोता म्हणाली! औषधच वाईट हुतं म्हणं! आता पुन्यांदा कुणी असली गोळी आणली तर उंबऱ्याच्या आत घेऊ नगा, सांगून ठेवतो!" शेजारीण पलीकडच्या घराकडे गेली. चंदना चपला घालेपर्यंत बातमी गल्लीच्या टोकाला पोचली होती. स्टँडवर जाईपर्यंत चौघांनी तिला थांबवून विचारलं, खरं काय? ती चौघांनाही व्हय म्हणाली.

डॉक्टरांना तिनं एवढंच सांगितलं, की अज्जींनी सही दिली नाही. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पंधरा तारीख उलटली. इरावती मॅडमचं एक ओळीचं पत्र आलं, आभाराचं.

जानेवारीत राहिलेल्या बाटल्या जाळायला न्यायला गाडी आली. तीनशे चाळीस बाटल्या, सगळ्या सीलबंद, मुदत संपायला दीड वर्ष बाकी. चंदनानं त्या खोक्यात भरून दिल्या. गाडीवाल्यानं एक फॉर्म पुढं केला. त्यात औषधाचं नाव, नग, तारीख, आणि खाली एक रकाना होता: नष्ट करण्याचे कारण.

"ते काय लिहू, बाई?" गाडीवाला म्हणाला. "तुम्हीच लिहा. मला तुमच्यातलं काय कळतंय."

चंदनानं पेन घेतलं, 'औषध वाईट' असं लिहिलं आणि खाली सही केली.